डेट्रॉइटमधल्या कृष्णवर्णीय घरांत म्हाताऱ्या माणसांसाठी मदत मिळवताना: माझा अनुभव

मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्यविमा) आहे म्हणजे घरी मदतीला बाई मिळेल, ही समजूत पहिल्याच फोनवर काढून टाकावी लागते. ऑपरेशन किंवा मोठ्या आजारानंतर मेडिकेअर काही काळ नर्स, फिजिओथेरपिस्ट पाठवतं. पण रोज उठवणं, संडासला नेणं, भरवणं यासाठी वर्षानुवर्षं पैसे देत नाही. ते मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी योजनेचं, काम. मी मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमध्ये वृद्धसेवेत केस मॅनेजर आहे. माझ्याकडची बहुतेक कुटुंबं कृष्णवर्णीय. आजी ऐंशीच्या पुढची, जन्म अलाबामा किंवा मिसिसिपीतला, आजोबा मोटारीच्या कारखान्यातून रिटायर होऊन पुढे वारलेले, घर स्वतःचं, आणि सांभाळणारी साठीकडे झुकलेली मुलगी. कृष्णवर्णीय वृद्धांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आहे, पण निदान उशिरा होतं. त्यामुळे फोन येतो तोवर मुलगी पार थकलेली असते.

सुरुवात एरिया एजन्सी ऑन एजिंग या वृद्धांच्या मदत कार्यालयापासून करावी. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टखाली ही कार्यालयं देशभर चालतात आणि साठीच्या पुढच्या कोणालाही तिथे विचारता येतं. डेट्रॉइट, हायलंड पार्क, हॅमट्रॅमिक या भागाला डेट्रॉइट एरिया एजन्सी ऑन एजिंग आहे. बाकी कुठल्याही गावाचं कार्यालय एल्डरकेअर लोकेटरच्या १-८००-६७७-१११६ वर कळतं. (डेट्रॉइटबाहेर नोव्हाय, ट्रॉयकडच्या मराठी मंडळींसाठी ते एजवेज. आईवडील इथे येऊन राहिले असतील तर विचारून ठेवायला हरकत नाही.) फोनवर नुसतं ‘आईला मदत हवी’ म्हटलं की घरपोच जेवणाची माहिती मिळते आणि विषय संपतो. म्हणून एमआय चॉइस वेव्हरसाठी (नर्सिंग होमऐवजी घरीच मदत देणारा मेडिकेडचा कार्यक्रम) प्राथमिक तपासणी, रेस्पाइट (सांभाळणाऱ्याला विश्रांती म्हणून बदली माणूस) आणि केअरगिव्हर सपोर्ट (सांभाळणाऱ्यांसाठी मदत) या तीन गोष्टी नाव घेऊन मागाव्यात. नातवंडं वाढवणारी आजी ५५ ची असली तरी शेवटच्या कार्यक्रमात बसते, आणि अशा आज्या इथे घरोघरी आहेत.

मेडिकेडच्या दोन वाटा आहेत. पहिली होम हेल्प: घरी येऊन रोजची कामं करणाऱ्याला मेडिकेड पैसे देतं. तिला रांग नाही. डॉक्टरांनी डीएचएस-५४ए हा फॉर्म भरायचा आणि राज्याची अ‍ॅडल्ट सर्व्हिसेस वर्कर घरी येऊन तास ठरवते. मुलगी, सून, नात यांना पैसे मिळू शकतात, नवराबायकोला नाही. मुलगी त्याच घरात राहत असेल तर स्वयंपाक, धुणं, बाजारहाट यांचे तास साधारण निम्मे धरले जातात. ते पाहून पुष्कळ जणी चिडून अर्जच सोडून देतात. तसं करू नये, कारण आंघोळ, कपडे, उठणं-बसणं यांचे तास त्यात कापले जात नाहीत. दुसरी वाट एमआय चॉइसची. इथे उत्पन्नाची मर्यादा मोठी आहे: एसएसआय या गरीब वृद्ध-अपंगांच्या सरकारी भत्त्याच्या तिप्पट, म्हणजे २०२५ मध्ये महिना २,९०१ डॉलर. २,४०० डॉलर पेन्शन असलेली विधवा होम हेल्पच्या साध्या मेडिकेडमध्ये अडते, इथे बसते. मात्र रांग असते. दोन्ही एकदम घेता येत नाहीत, म्हणून मेडिकेड आधीच असेल तर होम हेल्प सुरू करून एमआय चॉइसच्या यादीत नाव लावून ठेवावं.

एमआय चॉइसचा निकाल लागतो तो नर्सिंग होमच्या पातळीची गरज तपासायला येणाऱ्या नर्सच्या भेटीत. या चाचणीत सात ‘डोअर’, म्हणजे पात्र ठरण्याच्या वाटा, आहेत आणि एकातून आत गेलात तरी पुरे. पहिलं डोअर फक्त चार गोष्टी बघतं: पलंगावर कूस बदलणं, पलंगावरून किंवा खुर्चीवरून उठणं, संडासचा वापर, आणि खाणं. आंघोळ नाही, स्वयंपाक नाही, औषधं नाहीत. पण घरचे लोक सांगतात ते नेमकं आंघोळीचं आणि गॅस चालू राहिल्याचंच. पहिल्या तीन कामांत स्वतंत्र असलात किंवा नुसती देखरेख लागत असेल तर प्रत्येकी १ गुण, थोडी मदत लागली तर ३, भार पेलावा लागला तर ४. खाण्याचे १, २, ३. पात्र ठरायला एकूण ६ लागतात. आजी म्हणाली, ‘मी माझं बघते, लेकराला त्रास नको,’ की १+१+१+१, चार गुण, हे डोअर बंद. संडासला थोडी मदत लागते एवढं एक जरी खरं सांगितलं तरी ३+१+१+१, म्हणजे सहा.

‘थोडी मदत’ म्हणजे काय, हेही मोजलेलं आहे. गेल्या सात दिवसांत निदान तीनदा वजन न पेलता नुसता हात धरून नीट बसवलं, पाय नीट ठेवायला हात लावला. तितक्याच वेळा वजन ओढून उठवलं तर ती मोठी मदत. म्हणून भेटीच्या आधीचा आठवडा वहीत लिहून काढायला सांगते, आणि असं: ‘मंगळवार, रात्री दोन. कमोडवरून उठेना. दोन्ही काखांत हात घालून उचललं.’ ‘रात्रभर झोप नाही’ या ओळीला एकही गुण मिळत नाही.

डिमेन्शिया असेल तर दुसरं डोअर. तिथे अलीकडच्या गोष्टींची आठवण, रोजचे निर्णय आणि स्वतःचं म्हणणं समजावून सांगता येणं हे बघतात. अडचण अशी की परकं माणूस आलं की आजी तासभर अगदी नीट बोलते. चर्चची जुनी अशर (लोकांचं स्वागत करून जागेवर बसवणारी) असली तर हॅट घालून, पाहुणचार करून नर्सलाच खूश करते. तिच्यासमोर तिच्या चुका काढायच्या नाहीत. मुलीने वही नर्सच्या हातात द्यावी आणि दुसऱ्या खोलीत पाच मिनिटं मागून घ्यावीत. आणि आम्हा कामाला जाणाऱ्यांसाठी एक: हाक मारायची ती मिसेस आणि आडनाव, एवढीच. दक्षिणेत गोऱ्यांनी त्यांच्या आईबापांना जन्मभर नुसत्या नावाने हाक मारलेली आहे. पहिल्याच वाक्यात ‘हाय, रूबी’ झालं की पुढच्या प्रश्नांची खरी उत्तरं मिळत नाहीत.

कागदांची अडचण या पिढीची खास आहे. सुईणीच्या हातचा जन्म, दाखला नाही किंवा नावाचं स्पेलिंग भलतंच. मेडिकेअर चालू असलेल्या माणसाला मेडिकेडसाठी नागरिकत्वाचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. कचेरीत मागितला तर हा नियम सांगावा. इतर कामाला वयाचा पुरावा लागला तर १९५० ची जनगणना २०२२ पासून फुकट बघता येते. आजोबा सैन्यात होते का, हेही विचारते, कारण विधवेलाही माजी सैनिकांच्या व्हेटरन्स खात्याचा एड अँड अटेंडन्स हा मदतनिसासाठीचा भत्ता मिळू शकतो. सेंट लुइसच्या दप्तरखान्याला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत लष्कराच्या लाखो फायली जळाल्या. ‘रेकॉर्ड नाही’ असं उत्तर आलं तरी इतर कागदांवरून ते पुन्हा जुळवून घेता येतं.

घर जाईल ही भीती तर प्रत्येक घरात आहे, आणि ती खोटी नाही. आजी गेल्यावर मेडिकेड खर्चाची वसुली मागू शकतं. पण मिशिगनमध्ये ही वसुली प्रोबेटमधून (मृत्यूनंतर कोर्टामार्फत होणाऱ्या वाटपातून) जाणाऱ्या मालमत्तेतूनच होते, आणि लेडी बर्ड डीड (हयातीत घर आजीचंच, नंतर थेट ठरवलेल्या माणसाचं, असा मालकीचा कागद) केलेलं घर प्रोबेटमध्ये जात नाही. त्याआधी घराचं डीड कोणाच्या नावावर आहे ते काउंटीच्या कचेरीत बघून घ्यावं. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली तरी कागदावर त्यांच्याच आईचं नाव, हे पुष्कळदा निघतं. मग वकील लागतो, वेळही लागतो.

आजी समजून सही करू शकते तोवर पेशंट अ‍ॅडव्होकेटचा कागद करून घ्यावा, म्हणजे तिला स्वतः ठरवता येईनासं झालं की उपचारांचे निर्णय कोणी घ्यायचे ते ठरतं. दोन साक्षीदार लागतात, आणि नवरा, मुलं, भावंडं, वारसदार, तिचे डॉक्टर चालत नाहीत. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमधले दोघं हे काम पाच मिनिटांत करतात. पैशांचा पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी वेगळा. तो नोटरीकडून करावा. उशीर झाला तर प्रोबेट कोर्टात पालकत्वाचा अर्ज करावा लागतो.

चर्चचा उपयोग साक्षीदारांपुरता नाही. बाम इन गिलियड ही संस्था जूनच्या दुसऱ्या रविवारी कृष्णवर्णीय चर्चेसमध्ये डिमेन्शियाची माहिती देणारा मेमरी संडे करते, आणि सरकारी पत्रकाला हात न लावणारा माणूस पाद्रींच्या सांगण्यावरून डॉक्टरकडे जातो. वेन स्टेट विद्यापीठाचं हेल्दियर ब्लॅक एल्डर्स सेंटर आहे. तिथली व्याख्यानं चांगली असतात. सांभाळणाऱ्याच्या विश्रांतीसाठी २०२४ च्या जुलैपासून मेडिकेअरचा गाइड कार्यक्रम आहे: डिमेन्शियाच्या ठरावीक रुग्णांच्या घरच्यांना वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत रेस्पाइट. त्याला सरकारने थेट चालवलेलं मूळ मेडिकेअर हवं, खाजगी कंपन्यांमार्फतचं नाही. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेजवाल्यांना तो मिळत नाही. टीव्हीवरच्या जाहिरातीला भुलून प्लॅन बदलण्याआधी हे तपासावं.

नकाराचं पत्र आलं तर फेकू नये. अपिलाची मुदत त्यातच छापलेली असते, म्हणून पाकीटसुद्धा जपून ठेवायला सांगते. चालू तास कमी केल्याचं पत्र असेल तर कपात लागू होण्याच्या तारखेआधी अपील केल्यास निकालापर्यंत बहुधा जुनेच तास चालू राहतात. अपिलाला वहीतल्या त्याच सात दिवसांच्या नोंदी जोडाव्यात, सोबत डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठी. त्यात रोगाचं नाव पुरत नाही. उठताना किती जणांचा आधार लागतो, ते लिहून मागावं.