भाकरी उपटलीस नि गवत राखलंस

दिवाळीच्या आसपास नव्या नाचणीचं पीठ मुंबई-पुण्याला पाठवायला घेतलं की एक प्रश्न हमखास येतो. सोबत मोबाईलवर फोटो. फुटपाथच्या फटीत नाहीतर पार्किंगच्या कडेला उगवलेलं गवत, वर तीन-चार बोटांचा तुरा. "ताई, ही नाचणीच ना? की नुसती दिसते तशी?"

नुसती दिसते तशी. ती रान नाचणी. पण तुम्ही फसलात त्यात नवल नाही, मीही फसले होते, आणि तेही शेतात उभी राहून. लग्नानंतरचा पहिला पाऊस. राजापूरकडच्या आमच्या वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीवर, नाचणीची बेणणी (तण काढणं) चालली होती. मला जी रोपं भरदार दिसली ती मी ठेवली, किडकिडीत तेवढी उपटली. सासूबाई मागून आल्या, कपाळाला हात लावला. "अगो, भाकरी उपटलीस नि गवत राखलंस!"

मग त्यांनी बसून दाखवलं. रान नाचणीचं बूड चपटं आणि पांढरट. चाकाच्या आऱ्यांसारख्या तिच्या काड्या चहूबाजूंनी जमिनीलगत पसरतात. गुरांनी तुडवलं, गाडी वरून गेली, तरी हूं की चूं नाही. लावलेली नाचणी सरळ वर जाते, कंबरेपर्यंत, तिचं पानही रुंद. लहानपणी दोघी सारख्याच दिसतात, म्हणून सासूबाईंचा खरा भरवसा हातावर: ओढल्यावर सहज आली तर नाचणी, दम काढला तर गवत. माझ्या बाबतीत ही परीक्षा उपटून झाल्यावर कळली, हा भाग वेगळा.

तुरा आला की मात्र चुकायला जागा नाही. रान नाचणीची बोटं सडपातळ, सरळ, पंजा उघडून ताणल्यासारखी. एखादं बोट बाकीच्यांपासून जरा खाली फुटलेलं, अंगठ्यासारखं. नाचणीलाही तो अंगठा असतो, पण तिची बोटं जाड, गच्च भरलेली, पिकत आली की आत वळतात आणि मूठ होते. आमच्याकडे त्याला बोंड म्हणतात.

खरा फरक पाहायचा तर दोन्ही पिकलेले तुरे वर्तमानपत्रावर धरून झटका. रान नाचणीचे दाणे पापुद्र्यासकट खाली पडतील. बारीक, काळपट, लांबट, भिंगाखाली पाहिलं तर अंगावर आडव्या रेघा. नाचणीच्या बोंडातून पडलाच तर एखादा. दाणा जिथे देठाला धरलेला असतो तिथे रान गवतात पिकताना सांधा सुटतो. दाणे विखुरले तरच त्याचा वंश चालणार. पेरलेल्या नाचणीत तो सांधा सुटत नाही. पुढचं काम आपलं: बोंडं खुडा, वाळवा, काठीने झोडा, सुपात पाखडा. हे कुणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. जी बोंडं गळली नाहीत तीच घरी आली, आणि घरी आलं तेच पुढच्या वर्षी पेरलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या तेच.

त्यातूनच दाणाही गोल आणि भरीव झाला. तरी किती, तर १००० दाण्यांचं वजन अडीच-तीन ग्रॅम. रान नाचणीचे दाणे दुष्काळात लोकांनी खाल्लेत, पण ते एकेक गोळा करून भाकरी होईपर्यंत दुसरा दुष्काळ यायचा. उगवण्यातही हाच फरक. पेरलेली नाचणी पाऊस लागला की चार-सहा दिवसांत एकदम वर येते. रान नाचणीचे दाणे सावध. थोडे आज, थोडे पुढच्या महिन्यात. एका बेणणीत ती कधी संपली आहे?

"मग आपली नाचणी हिच्यापासूनच झाली का?" हा पुढचा प्रश्न. थेट नाही. नाचणीत रंगसूत्रं ३६, आपल्या अंगणातल्या रान नाचणीत १८. नाचणीच्या घडणीत या गवताचा वाटा आहे, म्हणजे आजीकडचं नातं म्हणा. तिची खरी रानटी आई पूर्व आफ्रिकेतली, ती तिकडेच राहिली आणि आजही तिथल्या नाचणीच्या शेतात तण म्हणून उगवते. आपल्याकडे आली ती मूठ मिटलेली लेकच. हरकाचं, म्हणजे कोद्र्याचं, उलटं. ते मूळचं आपल्या देशातलं, त्याचं रानटी भावंड आजही भाताच्या बांधावर ओलीत सापडतं.

आणि हो, एवढी पाळीव होऊनही नाचणीने एक खोड सोडलेली नाही. सगळी बोंडं एकदम पिकत नाहीत. मधल्या काडीचं आधी, बाजूच्या फुटव्यांचं मागाहून. म्हणून आम्ही दोनदा खुडतो, आणि म्हणून तुमचं पीठ कधीकधी आठवडाभर उशिरा येतं.

तुमच्या गेटजवळ आहे ती तीन बोटांची, पांढऱ्या बुडाची. उपटायचीच असेल तर दोन्ही हातांनी धरा.