म्हातारी, मारबत आणि चौदा खोकी

शनिवार, २७ सप्टेंबर

आज म्हातारीचं डोकं तडकलं.

म्हातारी म्हणजे अमेरिकेतल्या हॅलोविन या भुताखेतांच्या सणासाठी मी करतेय ती बाहुली. चार संध्याकाळी त्या डोक्यावर गेल्या होत्या. आत वर्तमानपत्राचा घट्ट बोळा, त्यावर कागदी चिकटपट्टी आणि वरून पेपरक्लेचा थर. पेपरक्ले म्हणजे लगद्याची तयार माती, भट्टी लागत नाही, हवेवर वाळते. नाक लांब काढलं होतं, गाल आत ओढलेले, हनुवटी पुढे. बोळा करताना कागद जरा ओलसर होता आणि तो पुरता वाळायची वाट बघणं माझ्याच्यानं झालं नाही. त्यात काल रात्री गारठा पडला म्हणून यंदाचा पहिला हीटर लावला, आणि डोकं नेमकं गरम हवेच्या झडपेपाशी. वरचा थर भराभर वाळून आकसला, आतली ओल तशीच राहिली. सकाळी बघते तर डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत भेग. नख आत जाईल एवढी.

भेग बुजवता येते. तीच माती पाण्यात कालवून खिरीसारखी करायची, ब्रशनं भरायची, वाळली की घासायची. पण गालच तिरपा झालाय, आणि तिरपा गाल बुजवून सरळ होत नाही. डोकं फेकलं मात्र नाही. खिडकीत ठेवून दिलं. नवं सुरू केलं, या खेपेला आत ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा. तो ओल धरत नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज डोळे बसवले. दिवस त्यातच गेला आणि मला तो फार आवडला.

आमच्या नागपूरच्या चितारओळीत गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात. रंग झाला, दागिने झाले, की मग मोठा कारागीर बसतो आणि बाकीचे बाजूला होतात. लहानपणी तिथे उभी राहून मी ते पाहिलंय, आणि त्या वेळी दुकानात कोणी बोलत नसे. काचेच्या डोळ्यांच्या बाहुलीत हा क्रम उलटा होतो. डोळे आधी. खोबणीत मातीची गोळी, त्यात आठ मिलिमीटरची काच दाबायची, आणि चेहरा त्या डोळ्यांभोवती बांधत न्यायचा. म्हणजे नाक यायच्या आधीपासून ती बघायला लागते.

खरं काम पापणीचं. शेवईएवढी वळी करायची, काचेच्या वरच्या कडेवर ठेवायची आणि ओल्या टोकानं कपाळाकडे मिसळायची. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की चेहरा भेदरलेला दिसतो. पापणी बुबुळावर जराशी उतरली की ती काहीतरी आठवतेय असं वाटतं. अर्ध्या मिलिमीटरचा खेळ. मी तीनदा काढून पुन्हा लावली. मला भेदरलेली भूतीण नको होती, शांतपणे आपल्याकडे बघणारी हवी होती. भीती रक्तात आणि सुळ्यांत नसते असं मी आता ठामपणे म्हणते. दुकानांत या दिवसांत जे प्लॅस्टिकचे तुटके हात आणि किंचाळणारे मुखवटे येतात, त्यांनी मूल एकदा दचकतं आणि पुढं निघून जातं. जी बाहुली काहीच करत नाही, नुसती बसून असते, तिच्याकडे ते पुन्हा वळून बघतं.

संध्याकाळी लेक तळघरात आली. टेबलाशी उभी राहिली. म्हणाली, "आई, ही तुझ्या त्या फोटोतल्यासारखी दिसते. त्या काळ्या बाईसारखी."

मी बघितलं आणि मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

सोमवार, ६ ऑक्टोबर. कोजागिरी

तो फोटो काळ्या मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघते ती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद, वर रंग, आणि उंची एवढी की आम्ही पोरं तिच्या गुडघ्याशीही पोहोचत नसू. काळी १८८१ सालापासूनची सांगतात, पिवळी तिच्यानंतर काही वर्षांनी सुरू झालेली. काळीचा संबंध भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईंशी लावतात, इंग्रजांना सामील झाल्याचा राग म्हणून. इतवारीत दोघींची भेट होते, मागे बडगे असतात, म्हणजे त्या त्या वर्षी लोकांना जे सलतंय त्याचे पुतळे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, कशाचाही. आणि सगळ्या रस्त्यानं एकच ओरडा, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात.

पण मिरवणुकीच्या आधी तिचं दर्शन असतं, हे बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. बायका ओटी घेऊन येतात, आजारी लेकरं पायाशी घालतात. मी चार वर्षांची असताना मला खोकला लागला होता, आणि आईनं मलाही नेलं होतं. मला आठवतं ते वर बघितल्यावर दिसलेलं तोंड, आणि आईचा माझ्या पाठीवरचा हात. जिला आपण इतके घाबरतो, तिच्याच पाया पडायचं आणि आपलं दुखणं तिच्या पदरात टाकायचं. पेन्सिल्व्हेनियात येऊन सोळा वर्षं झाली. पहिल्या ऑक्टोबरात इथल्या अंगणांतले सांगाडे आणि भुतं बघून नवरा म्हणाला होता, "कसला हा अभद्रपणा." मला मात्र घरी आल्यासारखं वाटलं होतं, आणि का ते तेव्हा सांगता आलं नव्हतं.

आज कोजागिरी, म्हणजे भुलाबाईचा शेवटचा दिवस. मातीचे भुलाबाई-भुलोजी, ज्वारीच्या धांड्यांचा मखर, गाणी झाली की खिरापत ओळखायची. इथे ज्वारीचे धांडे कुठले, पण हॅलोविनसाठी घराघरांच्या दाराशी मक्याच्या धांड्यांच्या पेंढ्या बांधून ठेवतात, शेताच्या कडेला विकायलाच असतात. मी दर वर्षी पाच धांडे त्यातलेच काढते. खिरापत ओळखायला आम्ही दोघीच, तरी लेक कसून प्रश्न विचारते.

शनिवार, ११ ऑक्टोबर

जमवलेल्या बाहुल्यांची खोकी काढली. चौदा.

सुरुवात एका फेल्टच्या उंदरापासून झाली होती. जुन्या बाजारात चार डॉलरला मिळालेला, डोक्यावर चेटकिणीची टोपी, हातात केरसुणी. घरी आणून सहज हात वाकवला तर तो तसाच राहिला, कारण आत तार होती. ती ॲनली बाहुली निघाली. न्यू हॅम्पशायरमधल्या मेरिडिथ गावच्या ॲनली थॉर्नडाइक यांची. कोंबड्यांचा धंदा चालेनासा झाला तेव्हा १९५० च्या दशकात त्या आणि त्यांचे यजमान बाहुल्यांवर उतरले, आणि पुढे त्यावर अख्खं गाव ओळखलं जाऊ लागलं. चेहरा हातानं रंगवलेला, भुवया उंचावलेल्या. त्या उंदराच्या पोटातली तार बघूनच मी माझी पहिली बाहुली केली. (लेबलावरचं साल हे मूळ नमुन्याचं असू शकतं, बाहुली त्यानंतरची असू शकते. हे कळायला मला दोन वर्षं लागली.)

मग बायर्स चॉइस या कंपनीचे गाणारे बाहुले आले. ते तर आमच्याकडून जवळच, चॅलफाँटला होतात. जॉइस बायर्स यांनी स्वतःच्या घरी सुरू केलेलं काम. नाताळची गाणी म्हणणारी माणसं, सगळ्यांची तोंडं उघडी, अंगात तार आणि कागद, वर खरे शिवलेले कोट. मला त्यांच्या मफलरींचा मोह पडतो.

आणि एक धूपवाला, जर्मनीतल्या झायफेनचा. खाणी आटल्या तेव्हा तिथल्या लोकांनी लाकूड कातायला घेतलं, त्यातून हे बाहुले आले. कमरेपाशी उघडतो, आत धुपाचा छोटा सुळका लावायचा, झाकायचं, की तोंडातून धूर येतो. आमच्या देवघरातला धूप जरा जाड पडतो, चाकूनं तासून बसवावा लागतो. नाताळात त्याच्या तोंडातून गुग्गुळाचा वास येतो तेव्हा सासूबाईंना फार बरं वाटतं.

यंदा एक दुःखही खोक्यातून निघालं. गेल्या वर्षी एका विक्रेत्याकडून लगद्याचा भोपळा घेतला होता, आत मेणबत्ती लावायचा, डोळ्यांत चित्र छापलेला पातळ कागद. १९२० च्या सुमाराचा जर्मन म्हणून. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतले कारागीर असे भोपळे, मांजरं आणि गोळ्यांचे डबे अमेरिकेसाठी करत, जो सण त्यांच्या गावात नव्हताच त्यासाठी. मला त्या अनोळखी हातांबद्दल फार माया आहे, म्हणून दोन महिन्यांच्या खाऊचे पैसे साठवून तो घेतला. काल रात्री त्याच्यावर जांभळा अतिनील दिवा धरला. डोळ्यांतला कागद निळाशार चमकला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून जी द्रव्यं घालतात ती साधारण १९५० नंतरची, जुना कागद असा उजळत नाही. कागद मागाहून घातला असेल म्हणून रंगावर धरला, तर रंगही चमकला. आत काजळीचा डाग होता, पण एकसारखा, हातानं लावलेला. ज्योतीची काजळी वरच्या बाजूला दाट असते. रडू आलं. पैशांपेक्षा या गोष्टीचं, की वर्षभर मी तो हातात घेऊन एका माणसाचा विचार करत होते.

भोपळा ठेवून घेतला आहे. ज्यानं केला त्याचा हात चांगला आहे. त्यानं त्यावर आजचं साल घातलं असतं तर मी तेवढ्याच आनंदानं घेतला असता.

बुधवार, १५ ऑक्टोबर

म्हातारीचं लुगडं. पनीर गाळायचं विरळ कापड, आधी कडक चहात रात्रभर, मग गंजके खिळे भिजवलेल्या व्हिनेगरमध्ये. चहातला तुरटपणा आणि लोखंड भेटलं की कापड डोळ्यांदेखत काळं पडतं. विकतचा काळा रंग एकसारखा बसतो. हा कुठे राखाडी, कुठे जांभळट, जळलेल्या लाकडासारखा. घरभर वास. दिवाळीची चकलीची भाजणी भाजायची होती, ती उद्यावर ढकलली.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आकाशकंदील अजून काढला नव्हता, तो राहू दिला. लेकीच्या किल्ल्यावर पाऊस पडून चिखल झालाय, मावळे तेवढे उभे. म्हातारी पायरीवर खुर्चीत बसवली, दोन्ही हात मांडीवर, लांब बोटं पसरलेली.

साडेसहाच्या सुमाराला एक मुलगा आला, तीन-साडेतीन वर्षांचा असेल, मधमाशीचा पोशाख. वडिलांच्या पायामागं लपला. वडील हसले नाहीत, ओढलं नाही, तसेच थांबले. मीही गोळ्यांची परडी खाली ठेवून बसले. बराच वेळ गेला. मग तो आला आणि त्यानं तिच्या करंगळीला हात लावला. एका बोटानं. मग दोन्ही हातांनी ती करंगळी धरून ठेवली. गोळी घ्यायची विसरला, मी मागून नेऊन दिली.

रविवार, २ नोव्हेंबर

आवराआवर. फेल्ट कसरीपासून जपायचं, लगद्याच्या वस्तू उंदरांपासून आणि झुरळांपासून, कारण त्यांत पिठाची खळ असते. आई दसऱ्याच्या कागदी तोरणांच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायची, आणि त्या दिवशी आम्हाला त्या भांड्याच्या आसपास फिरकू देत नसे. मी लवंगेचं तेल घालते. माळ्यावर काही ठेवत नाही, उन्हाळ्यात तिथे रंग चिकट होतात. प्रत्येकाला पांढरा पातळ कागद, खोक्यात वेखंडाचा तुकडा.

गुंडाळताना फोन लावला. आईनं पहिल्यांदा म्हातारीला नीट बघितलं. एरवी ती म्हणते, "काहून गं, अजून त्या भुतिणीच करत बसलीस का?" आज गप्प होती. मग म्हणाली, "तोंड बरोबर उतरलंय. डोळे तसेच आहेत."

मी म्हटलं, हिचं नाव मारबतच ठेवावं म्हणते.

"हिला जाळणार आहेस का?"

मी काही बोलले नाही. चाळीस तास तरी गेले असतील तिच्यावर.

"मग नको ठेवू," आई म्हणाली. "जाळायची नसेल तर तिचं नाव मारबत ठेवू नको. तिच्याकडे लोक काय काय देतात, बाई. ते घरात भरून ठेवायचं असतं का?"

फोन ठेवल्यावर मी त्या चौदा खोक्यांकडे बघत बसले. माझ्या गावी जे जे हातानं केलं जायचं ते सगळं जायचं. गणपती पाण्यात, भुलाबाई पाण्यात, मारबत जाळात, मावळे पावसात. इथे मी चिठ्ठ्या लावून ठेवते. मला दोन्ही लागतं, आणि आज कळलं की ते एकाच बाहुलीकडून मागून चालणार नाही.

म्हातारीच्या खोक्यावर लिहिलं, "म्हातारी, २०२५". नाव नाही.

मग खिडकीतलं ते तडकलेलं डोकं उतरवलं. त्याच्या आत नुसता कागद आहे, सहज पेटेल. परसातल्या टोमॅटोच्या वाफ्यातून बांबूच्या काठ्या उपटल्या, माती पुसली, लेकीनं त्या कोयत्यानं चिरायला मला मदत केली. हात कापू नये म्हणून जाड हातमोजे. बारा कामट्या निघाल्या. सुतळीनं बांधून डोक्यासकट गॅरेजमध्ये ठेवल्या आहेत, पोळ्यापर्यंत चांगल्या वाळतील. कागदही त्यातच ठेवायला सुरुवात केलीय. लेकीनं आज एका कागदावर काहीतरी लिहून, चार घड्या घालून तो त्या डोक्याच्या भेगेत सारला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.