गुरूचा फोटो खरा की बनवलेला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: बनवलेला. माझ्या मोबाईलमध्ये गुरू ग्रहाचा जो फोटो आहे, दोन तपकिरी पट्टे आणि एका कडेला लालसर डाग असलेला, तसा गुरू दुर्बिणीला डोळा लावल्यावर दिसत नाही. सोसायटीतले एक काका हे जरा सांभाळून विचारतात, "नंतर काही करता का हो त्याच्यावर?" लग्नाकार्यात भेटलेले पाहुणे सरळच म्हणतात, "वहिनी, नासाचा उचललात ना?" दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. बनवलाय, पण उचललेला नाही आणि त्यात पदरचं काही घातलेलं नाही. हे उभ्या उभ्या कुणाला पटत नाही, म्हणून बसून लिहिते आहे.

दुर्बीण साधी आहे, ८ इंची आरशाची, डॉब्सन प्रकारची, मोटर नसलेली. ग्रह सरकला की हाताने ढकलायची. पुण्याच्या झगमगाटात काय दिसणार, असंही लोक म्हणतात, पण ग्रहांना त्याने फारसा फरक पडत नाही. दीर्घिकांसाठी शहर सोडावं लागतं, गुरू रस्त्यावरच्या दिव्यांना जुमानत नाही. खरी अडचण हवेची. गुरू ऐन भरात असतानाही आकाशात जेमतेम ४५ आर्कसेकंदांचा असतो (एका अंशाचे ३,६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद), म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा चाळिसावा भाग. ८ इंची आरशाला साधारण ०.६ आर्कसेकंदापर्यंतचा तपशील वेगळा करता यायला हवा. पण मध्ये हवेचे थर आहेत, कमीजास्त तापमानाचे, सतत हलणारे. एप्रिलच्या दुपारी डांबरी रस्त्यावर लांबून येणारी एसटी थरथरते, तसा गुरू थरथरतो. त्यात आमची गच्ची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. म्हणून दुर्बीण संध्याकाळीच वर नेऊन ठेवायची, आरसाही निवायला हवाच, आणि काम मध्यरात्रीनंतर.

थंडीत तारे लखलख लुकलुकत असले की शेजारी म्हणतात, आज काय सुरेख आकाश आहे. ग्रहांसाठी बहुधा ती रात्र वाया गेलेली असते, कारण लुकलुक म्हणजेच हवेची चुळबुळ. उलट वारा पडलेल्या, जरा धुरकट, दमट रात्री गुरू कधी कधी इतका स्थिर असतो की झोपायला जाववत नाही.

चुळबुळ अखंड मात्र नसते. मध्येच क्षणभर हवा थांबते आणि पट्ट्यांच्या कडा दिसतात. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड फ्राईड यांनी १९७८ मध्ये अशा सुदैवी क्षणांची शक्यता गणिताने मांडली होती. तो क्षण नेमका पकडणं माणसाच्या हातात नाही, म्हणून आम्ही फोटो काढतच नाही, व्हिडिओ काढतो. सेकंदाला शंभरेक फ्रेम, दोन मिनिटं, म्हणजे १२,००० फ्रेम. ऑटोस्टॅकर्ट नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या सगळ्या फ्रेम स्पष्टतेनुसार लावून देतं. त्यातल्या वरच्या दहा-पंधरा टक्के मी ठेवते, बाकीच्या टाकून देते. ठेवलेल्या फ्रेममध्येही एक कोपरा स्पष्ट तर दुसरा वाहवलेला, म्हणून सॉफ्टवेअर त्यांचे छोटे छोटे चौकोन करून एकावर एक जुळवतं आणि सरासरी काढतं. नॉइज, म्हणजे चित्रातली रवाळ खरखर, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी असते, त्यामुळे ती सरासरीत विरते. पट्टे प्रत्येक फ्रेममध्ये आपल्या जागी असतात, ते उरतात. सुटी फ्रेम पाहिलीत तर तिच्यात गुरूपेक्षा पुण्याची हवाच जास्त असते.

मग तासभर व्हिडिओ का घेत नाही? कारण गुरू थांबत नाही. स्वतःभोवतीची फेरी तो १० तासांच्या आत पुरी करतो. दोन-अडीच मिनिटांत बिंबाच्या मध्यावरचा तपशील ०.६ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे माझ्या आरशाला कळेल इतका. त्यापुढचं सगळं पुसट होत जातं.

इथवर मी निर्धास्त आहे. काकांचा प्रश्न यानंतरच्या पायरीला लागू होतो. जुळवलेलं चित्र मऊ असतं, त्याला धार आणावी लागते. वेव्हलेट म्हणजे बारीक आणि ढोबळ तपशील वेगळे करून त्यांना उठाव देण्याची पद्धत. सॉफ्टवेअरमधले तिचे स्लायडर सरकवले की दडलेले तपशील वर येतात, आणि आणखी सरकवले की नसलेलेही येतात. मंगळाच्या तेजस्वी कडेला आतून एक खोटी कड उमटते. शनीची गोष्ट तर मजेदार आहे. कड्यांमधली कॅसिनी फट सुमारे ४,८०० किलोमीटर रुंद, ती माझ्या दुर्बिणीतही दिसते. बाहेरच्या कड्यातली एन्के फट फक्त ३२५ किलोमीटरची, म्हणजे शनी जवळ असतानाही ०.०५ आर्कसेकंद. तरी ८ इंची दुर्बिणीच्या फोटोंवर "एन्केसुद्धा आली!" असं लिहिलेलं दिसतं. त्या कड्यात एक रुंद, फिकट सावळा पट्टा खरोखर आहे. धार वाढवता वाढवता त्याचीच बारीक काळी रेघ होते. मी ती रेघ उमटायच्या आधीच थांबते, फोटो कमी देखणा राहिला तरी. (शनीकडून तसाही आम्हाला उपाशीच राहायची सवय आहे. २०१८ ते २०२४ या सात वर्षांत त्याची प्रतियुती, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर आणि आपल्याला सर्वात जवळ असण्याची वेळ, जूनअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, ऐन पावसाळ्यात आली. साडेसाती म्हणतात ती आम्हाला अशी लागते.)

एआयने फोटो 'सुधारणारी' साधनं मी वापरत नाही. ती हजारो चांगले गुरू पाहून शिकलेली असतात आणि माझ्या गुरूवर तेच तपशील चढवतात. तो मात्र खरंच उचललेला फोटो. रंग थोडा गडद करते, हे कबूल. लाल डाग कॅमेऱ्याला फिकट विटकरीच दिसतो.

मग माझ्या फोटोतला एखादा ठिपका खरा कशावरून? वीसेक मिनिटांनी दुसरा व्हिडिओ घ्यायचा. तेवढ्यात गुरू १२ अंश फिरलेला असतो. ठिपका त्याच्याबरोबर सरकला तर तो गुरूवरचा. जागचा हलला नाही तर कॅमेऱ्यावरची धूळ नाहीतर धार लावण्याची करामत.

ही कसोटी किती कामाची आहे, ते १९ जुलै २००९ च्या रात्री दिसलं. ऑस्ट्रेलियातल्या मरमबेटमन गावी अँथनी वेस्ली हे प्रोग्रॅमर घरच्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरू टिपत होते. दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग आला. गुरूच्या एखाद्या चंद्राची सावली म्हणावी तर जागा आणि आकार जुळेना. दोन रात्रींपूर्वीच्या त्यांच्याच फोटोंत ती जागा स्वच्छ होती. आणि डाग शेजारच्या पांढऱ्या वादळाच्या बरोबरीने फिरत होता. त्यांनी लगेच ईमेल पाठवले. नासाच्या हवाई बेटावरच्या अवरक्त दुर्बिणीने पाहिलं तेव्हा कळलं, काहीतरी गुरूवर आदळलं होतं. २३ जुलैला हबलनेही फोटो घेतला. पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्या आठवड्यात नासाने एका हौशी माणसाचा फोटो बघून आपल्या दुर्बिणी वळवल्या.

एवढं वाचूनही शंका असेल तर मूळ व्हिडिओ मागा, न छाटलेला, थरथरणारा. खुशाल देते. एकेक तीन-चार जीबीचा असतो, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नका, पेन ड्राइव्ह घेऊन या.