बिकानेरची ट्रंक: फोटोंकडून बह्यांकडे

ट्रंकेतल्या फोटोंचं स्कॅनिंग संपत आलंय आणि आता कागद हातात घेतलेत: घरच्या पेढीच्या बह्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, आणि हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या व्यापारी चिठ्ठ्या. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ट्रंक छत्रपती संभाजीनगरमधल्या एका स्नेही कुटुंबाची, मूळ घर बिकानेरच्या जुन्या शहरातलं. या दोन गावांचं नातं तसं फार जुनं. आपल्या इथल्या करणपुरा आणि पदमपुरा या वस्त्यांची नावं मुघल फौजेबरोबर दख्खनेत आलेले बिकानेरचे राजे करणसिंह आणि त्यांचे पुत्र पद्मसिंह यांच्यावरून पडली.

बहुतेक फोटो जिलेटिन सिल्व्हर, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदी असलेले काळेपांढरे प्रिंट आहेत, काळ्या भागांवर आरशासारखी चंदेरी झाक चढलीय. त्याहून जुन्या पद्धतीचे, अंड्याच्या पांढऱ्याचा थर असलेले अल्ब्युमिन प्रिंट थोडेच. वाळवंटातल्या कोरड्या हवेमुळे बुरशी जवळपास नाही, पण पुठ्ठ्यावर न डकवलेले प्रिंट नळीसारखे वळलेत. ते ओढून सपाट करायचे नाहीत, वरचा थर तडकतो. आपला पावसाळा त्यांना मानवणार नाही, म्हणून सगळं सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यांत ठेवलंय. स्कॅन ६०० डीपीआयवर, टिफमध्ये, आणि प्रत्येकाची मागची बाजूसुद्धा. मागेच तर कोलकात्याच्या स्टुडिओंचे शिक्के सापडतात! पुरुष दिसावरला, म्हणजे धंद्यासाठी परमुलखात जायचे, तिथे फोटो काढायचे आणि घरी धाडायचे. त्यामुळे खुद्द बिकानेर फार कमी फोटोंत दिसतं. एकात लाल दगडाचा कोरीव झरोका आहे, तेवढाच.

हुंड्यांचा काळ ठरवायला मुद्रांकावरचा राजा कामी येतो. पाचवा जॉर्ज असेल तर कागद १९१० ते १९३६ मधला. बह्या मात्र घाम काढतात. लिपी महाजनी, म्हणजे तिकडच्या व्यापाऱ्यांची, काना-मात्रा बहुतेक गाळलेल्या. मोडी येते म्हणून ही वाचता येईल असं नाही. मोडीत निदान स्वर लिहिलेले असतात. नावं आधी घरच्यांकडून वदवून घ्यायची आणि मग बहीत शोधायची, हाच क्रम मला चालला. तारखा लावताना आणखी एक काळजी: तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो. बहीतली ‘भादवा बदी आठम’ म्हणजे आपली श्रावण वद्य अष्टमी, गोकुळाष्टमी. आपल्या पंचांगाने भाद्रपद धरला तर नोंद महिनाभर पुढे सरकते.

सगळ्यात मोलाचं हाती आलं ते घरातल्या आजींच्या बोलण्यातून. ‘हे कोण?’ असं विचारत फोटो पुढे केले की त्या दोन शब्दांत उत्तर देऊन गप्प होत. पाण्याबद्दल विचारलं आणि त्या बोलत सुटल्या. छतावरचं पावसाचं पाणी अंगणातल्या कुंडात कसं उतरवायचे, पावसाआधी छत कोण झाडायचं, कुंडाला कुलूप असायचं आणि किल्ली सासूच्या कमरेला. त्यांच्या सासूने सांगितलेला छप्पनिया दुष्काळही निघाला: संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा. सासूच्या माहेरचे लोक गुरं घेऊन माळव्याकडे निघाले होते. त्याच संवताच्या बहीत उंट विकल्याची एक नोंद आहे. ती याच घराची की कुळाची, हे अजून लागलेलं नाही.

जुन्या फोटोंत बायका जवळजवळ नाहीत, बह्यांत तर नाहीतच. या घराचा तो अर्धा भाग फक्त आजींच्या आवाजात आहे. म्हणून आता स्कॅनर थोडा बाजूला ठेवून रेकॉर्डिंगला आधी वेळ देतोय. त्या मारवाडीतच बोलतात, मीही मध्ये हिंदी आणत नाही. मूळ ध्वनी डब्ल्यूएव्हीमध्ये, सून शब्दशः उतरवून घेते आणि मराठी टिपण वेगळ्या फायलीत.

पुढे बिकानेरला जायचंय. राजस्थान राज्य अभिलेखागाराचं मुख्यालय तिथेच आहे. संस्थानच्या जकातीच्या बह्यांत या पेढीचं नाव सापडतं का, ते बघायचंय. संध्याकाळी चौकातल्या लाकडी पाट्यांवर म्हातारी मंडळी बसतात, तिथे झरोक्याचा फोटो दाखवीन. कुणी महाजनी वाचणारं असेल तर कळवा, उंटाच्या नोंदीचं पान लगेच पाठवतो.