आमची वाटचाल: लेथच्या दुकानापासून क्राऊन-पिनियनपर्यंत

बाबांचं इंदूरला देवास नाक्याजवळ लेथचं दुकान, बुश काढायचे, शाफ्ट सरळ करायचे, बस. डिफरन्शियलच्या (एक्सलच्या मधले गिअर, शाफ्टची ताकद चाकांना देतात) कामात आम्ही पडलो ते एका टोचनवाल्यामुळे. त्याचा जुना फोर बाय फोर (लागेल तेव्हा चारही चाकांना ताकद) ट्रक, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेल्या सोयाबीनच्या ट्रॉल्या ओढायचा आणि एरवी मानपूर घाटातून बंद पडलेल्या गाड्या वर आणायचा. गड्याने 29 इंची टायर काढून 33 चे टाकले, चिखलात गाडी बसत नाही म्हणून. मग घाटात ओढेना, वर्षात दोनदा क्लच प्लेट गेली, आणि जो तो सांगतोय डिझेल पंप उतरलाय.

बाबांनी हौजिंग (डिफरन्शियलचं कवच) उघडायच्या आधी एक चाक जॅकवर घेतलं, दुसरं जमिनीवर, गाडी न्यूट्रल, आणि वरचं चाक हाताने पूर्ण दोनदा फिरवून (दुसरं थांबलेलं, म्हणून दोन फेरे) प्रोपेलर शाफ्टवरची खडूची खूण मोजली, चारपेक्षा जरा जास्त. उघडल्यावर क्राऊनला (मोठा गिअर) 41 दात, पिनियनला (त्याला फिरवणारा छोटा) 10, म्हणजे रेशो 4.10, चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.10 फेरे, आकडा मोठा तितकी ओढ जास्त. पण टायर 33 चा झाला की तोच 4.10 गाडीला 3.60 सारखा लागतो, इंजिन बिचारं काय करणार! 9 दातांचं पिनियन असलेला सेट टाकला, 41 भागिले 9 म्हणजे 4.56, टायरचा हिशोब धरून 4.01. आणि मीटरसुद्धा बऱ्यापैकी बरोबर दाखवायला लागलं, ते फुकटात.

चूक इथेच झाली. त्याच्याकडे पैसे कमी होते, म्हणाला पुढचा एक्सल नंतर करू, फोर व्हील लावणारच नाही, आणि मी मानलं (बाबा नाही म्हणत होते). पहिल्याच पावसात त्याने लावली. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) दोन्ही शाफ्ट सारखेच फिरवते, मागे 4.56 आणि पुढे 4.10, म्हणजे पुढची चाकं 11 टक्के जास्त पळायला बघणार. शेतात चिखलात घसरून निभावलं, पण डांबरी रोडवर, जिथे चाकं घसरत नाहीत, आल्यावर फोर व्हील काढायला विसरला आणि ट्रान्सफर केसची चेन तुटली. खर्च आम्ही दिला, पुढचा सेटही आमच्याच खिशातून. बाबा काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून दोन्ही एक्सल एकदम, नाहीतर काम घेतच नाही. सेट बसवणं घाईचं नाही हो, दातांना निळा रंग लावून ठसा बघायचा, तो दाताच्या टोकाला किंवा मुळाशी गेला की परत खोला, शिम (पातळ चकत्या) बदला, मग डायल लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) 0.15 ते 0.20 मिमी, कधीकधी पाच वेळा खोलावं लागतं. पहिले 800 किलोमीटर टोचन बंद, मग तेल बदलून द्यायचं. हे गिऱ्हाईकाला पटवणं बॅकलॅशपेक्षा अवघड.

जो महिन्यातनं एकदाच टोचन करतो आणि बाकी वेळ रिकामी गाडी भोपाळ रोडला पळवतो त्याला मीच नको सांगतो, टायर तेच ठेवून 4.56 टाकला तर 80 च्या स्पीडला 2200 आरपीएमवर असलेलं इंजिन 2450 ला जाईल, डिझेल कोण भरणार?

तो टोचनवाला अजून येतो. मागच्या आठवड्यात आला, ट्रकमध्ये मागे चार नवे टायर, 35 चे. म्हणे, "भिया, डाल दूं क्या?" मी कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात दिला. 3.78 आला, तर टायर तसेच परत घेऊन गेला.