परवान्यापासून मागे मोजत जा : देशाबाहेर चालणारी वैद्यकीय पदवी

‘ही पदवी जगभर चालते’ हे वाक्य वैद्यकीय महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत सर्रास दिसतं. त्यावर विसंबून सहा वर्षं देऊ नयेत. डॉक्टरला परवाना देतो तो त्या त्या देशाचा नियामक, आणि प्रत्येक नियामकाच्या अटी वेगळ्या. युरोपीय संघाच्या आत एकमेकांच्या पदव्या बऱ्याच अंशी आपोआप मानल्या जातात. त्यासाठी किमान ५ वर्षं आणि ५,५०० तासांच्या शिक्षणाची अट आहे. पण संघाबाहेरून पदवी घेऊन येणाऱ्याला ती सोय नाही. इतर बहुतेक ठिकाणी पदवीचा उपयोग एवढाच, की तुम्हाला त्या देशाच्या परवाना परीक्षेला बसता येतं.

म्हणून विचार उलट्या दिशेने करावा. आधी ठरवा, कुठे रुग्ण तपासायचे आहेत. मग त्या देशाचा नियामक काय मागतो ते वाचा, आणि त्यानंतरच महाविद्यालय निवडा. उत्तर एकच देश असं नसेल तर दोन किंवा तीन नियामकांच्या अटी शेजारी शेजारी मांडा आणि त्यातली सर्वांत कडक अट धरून चाला.

तपासणीची पहिली जागा म्हणजे वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स. आधीच्या दोन जागतिक याद्या एकत्र करून ती २०१४ मध्ये सुरू झाली आणि ती कोणालाही मोफत पाहता येते. तिच्याबाबत एक मोठा गैरसमज आहे. यादीत नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे, हे यादी चालवणारेच स्पष्ट सांगतात. नाव शोधल्यावर थांबू नका. महाविद्यालयाच्या नोंदीत ‘स्पॉन्सर नोट्स’ असा भाग असतो, तो उघडा. अमेरिकेसाठी परदेशी पदवीधरांची छाननी करणाऱ्या ईसीएफएमजीची टीप तिथे असते आणि तिच्यात कोणत्या वर्षी पदवी घेतलेले विद्यार्थी पात्र आहेत ते दिलेलं असतं. ही वर्षं नीट वाचा. महाविद्यालय तेच, पण तुमचं पदवीचं वर्ष त्या मुदतीत बसत नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. नावाचीही खातरजमा करा : एकाच शहरात मिळत्याजुळत्या नावांची दोन विद्यापीठं असतात, आणि प्रवेशपत्रावरचं नाव व यादीतलं नाव शब्दशः जुळायला हवं.

दुसरी गोष्ट वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशन, म्हणजे डब्ल्यूएफएमई. ही संस्था महाविद्यालयांना मान्यता देत नाही. महाविद्यालयांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय संस्थांना मान्यता देते. त्यामुळे ‘आमच्या कॉलेजला डब्ल्यूएफएमईची मान्यता आहे’ असं कोणी म्हणालं तर दोन प्रश्न विचारा. तुमची तपासणी कोणत्या संस्थेने केली? त्या संस्थेची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे? ही मान्यता साधारण १० वर्षांसाठी असते. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला, एनएमसीला, ती २०२३ मध्ये मिळाली. पदवीधराच्या महाविद्यालयाची तपासणी अशा मान्यताप्राप्त संस्थेने केली आहे की नाही, याची नोंद ईसीएफएमजी २०२४ पासून करते.

यापुढे प्रत्येक देशाच्या खास अटी येतात आणि बहुतेकांची चूक इथेच होते. परदेशातून पदवी घेऊन भारतात परवाना हवा असेल तर एनएमसीचे १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम लागू होतात : किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तो इंग्रजी माध्यमातून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि जिथे शिकलात त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच व्यवसाय करता येईल अशी नोंदणी. शिवाय भारतात आल्यावर आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. ‘त्याच संस्थेत’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. तिसऱ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात बदली घेतली की या नियमात बसणं अवघड होतं. एका महाविद्यालयातून दुसऱ्यात वर्ग केलेल्या क्रेडिट्सबाबत, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांच्या गुणांकांबाबत, ईसीएफएमजीचेही वेगळे निर्बंध आहेत आणि यादीतल्या संस्थेत किमान चार शैक्षणिक वर्षांचं शिक्षण ती मागते. राहणं स्वस्त आहे, मित्र तिथे आहेत, अशा कारणांसाठी महाविद्यालय बदलू नये. बदलणं अटळच असेल तर आधी नियामकाला लिहून विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.

पदवीच्या नावाची मात्र फार काळजी करू नका. ब्रिटिश परंपरेत एमबीबीएस किंवा एमबीसीएचबी, अमेरिकेत एमडी, चेक प्रजासत्ताकासारख्या देशात एमयूडीआर. नियामक नावापेक्षा अभ्यासक्रमाची लांबी, विषय आणि रुग्णालयातला काळ पाहतो.

परीक्षांचं स्वरूप पहिल्या वर्षीच माहीत असावं, कारण त्यावरून वाचण्याची पद्धत ठरते. अमेरिकेच्या यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात, स्टेप १ मध्ये, एका दिवसात जास्तीत जास्त २८० प्रश्न असतात, आणि २६ जानेवारी २०२२ पासून तिचा निकाल फक्त पास किंवा नापास असा लागतो. त्यामुळे गुणांचं सगळं वजन स्टेप २ सीकेवर, म्हणजे क्लिनिकल ज्ञानाच्या पुढच्या लेखी परीक्षेवर गेलं. ब्रिटनमध्ये परदेशी पदवीधरांसाठी असलेल्या प्लॅब परीक्षेच्या पहिल्या भागात, प्लॅब १ मध्ये, १८० प्रश्न आणि ३ तास, म्हणजे एका प्रश्नाला बरोबर एक मिनिट. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकल कौन्सिलच्या (एएमसी) लेखी परीक्षेत १५० प्रश्नांना साडेतीन तास. परदेशी पदवीधरांसाठीच्या भारताच्या एफएमजीई परीक्षेत ३०० प्रश्न, आणि १५० बरोबर आले की पास. या परीक्षांत ‘अमुक मज्जातंतू कोणता?’ असा सरळ प्रश्न क्वचितच येतो. रुग्णाचं वय, तक्रार, तपासणीत सापडलेल्या दोन-तीन गोष्टी, आणि मग ‘आता पुढे काय कराल?’

आता प्रत्यक्ष अभ्यास. पहिली दोन वर्षं अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, मग पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी. इथे सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो पुन्हा पुन्हा वाचण्यात आणि रंगीत रेघा ओढण्यात. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, आणि विद्यार्थी त्या ओळखीलाच ज्ञान समजतो. पुस्तक मिटून आठवावं लागतं. ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याचं, उदाहरण घ्या. मणक्यातून निघणारी सी ५ ते टी १ अशी पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच मुख्य शाखा. ही आकृती पाहून दहा वेळा काढण्यापेक्षा कोऱ्या कागदावर न पाहता एकदा काढा, अडलात तिथे लाल खूण करा, आणि फक्त तेवढा भाग पुस्तकात पाहा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी.

पण आकृती पाठ झाली म्हणजे विषय संपला असं नाही. प्रत्येक भागाला एक रुग्ण जोडा. दंडाचं हाड मधोमध मोडलं की रेडियल नर्व्ह दुखावते आणि मनगट लोंबतं. तेच हाड वर खांद्याजवळ, सर्जिकल नेकपाशी मोडलं तर अ‍ॅक्सिलरी नर्व्हला इजा होऊन डेल्टॉइड हा खांद्याचा स्नायू दुबळा पडतो आणि खांद्याच्या बाहेरच्या अंगाची संवेदना जाते. प्रसूतीत बाळाचा खांदा अडकून मान ताणली गेली तर सी ५ आणि सी ६ वर ताण येतो. हात अंगालगत, आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागे. हे तीन रुग्ण ज्याच्या डोक्यात आहेत त्याला आकृती विसरली तरी पुन्हा उभी करता येते.

अंकीसारख्या अ‍ॅपमधल्या फ्लॅशकार्डांचा, म्हणजे एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेल्या कार्डांचा, उपयोग खरोखर होतो. मात्र दोन चुका हमखास होतात. एका कार्डावर सात गोष्टी कोंबल्या की एक विसरली तरी पूर्ण कार्ड चुकतं आणि परत परत समोर येतं. एका कार्डावर एकच प्रश्न ठेवा. दुसरी चूक, उत्साहाच्या भरात रोज शंभर नवी कार्डं. उजळणीची कार्डं रोजच्या नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होतात. रोज वीस नवी घेतलीत तर उजळणी दीड-दोनशेच्या आसपास राहते, ती पेलते. शंभर घेतलीत तर महिन्याभरात ढीग साचतो आणि सगळं सुटतं. प्रश्नसंच सोडवताना ४० प्रश्न घड्याळ लावून सोडवा आणि नंतर त्याच्या दुप्पट वेळ उत्तरांवर घालवा. बरोबर आलेल्या प्रश्नातही बाकीचे चार पर्याय का चुकले हे सांगता आलं पाहिजे. चूक माहितीची होती, प्रश्न नीट न वाचल्याची होती की घाईची, ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत.

क्लिनिकल वर्षांबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन, कारण डॉक्टर इथेच घडतो आणि परदेशी पदवीची सर्वांत कच्ची बाजूही हीच असते. वर्ग इंग्रजीत चालतात, पण खाटेवरचा रुग्ण त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलतो. ती भाषा येत नसेल तर विद्यार्थी प्राध्यापकामागे उभा राहतो, भाषांतर ऐकतो, आणि वर्षाच्या शेवटी त्याने एकाही रुग्णाची हिस्टरी, म्हणजे आजाराची हकीकत, स्वतः घेतलेली नसते. लॉगबुकवर सह्या असतात, अनुभव नसतो. म्हणून भाषेची तयारी पहिल्या सत्रापासून हवी, आणि तीही योग्य क्रमाने : आधी शरीराचे अवयव, मग लक्षणं (दुखणं, जळजळ, धाप, चक्कर, उलटी, सूज), मग काळाचे शब्द (कालपासून, अधूनमधून, वाढत चाललंय), आणि मग ‘इथे दाबल्यावर दुखतं का?’, ‘श्वास रोखून धरा’ यांसारखी तपासणीची वाक्यं. असे तीनशे शब्द आणि पन्नास वाक्यं तिसऱ्या वर्षाआधी पक्की असतील तर वॉर्ड तुमच्यासाठी उघडतो. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाला विचारा : रुग्णालय स्वतःचं आहे का, एका खाटेभोवती किती विद्यार्थी असतात, विद्यार्थ्याला रुग्णाला हात लावून तपासता येतं का? शक्य असेल तर हे प्रश्न तिथल्या पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा.

रोज एक केस पूर्ण लिहा. रुग्णाची तक्रार त्याच्या शब्दांत, किती दिवसांपासून, आधीचे आजार, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, तपासणी, आणि शेवटी शक्य असलेली तीन निदानं व प्रत्येकाच्या बाजूने आणि विरुद्ध एक-एक मुद्दा. ही सवय पुढे ओएससीईत, म्हणजे एकामागून एक प्रसंगांत रुग्ण तपासून दाखवण्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, उपयोगी पडते. प्लॅब २ मध्ये १६ प्रसंग असतात. प्रत्येकाला ८ मिनिटं, आणि दाराबाहेर सूचना वाचायला दीड मिनिट. अनेक हुशार विद्यार्थी इथे नापास होतात ते ज्ञान कमी पडल्यामुळे नव्हे. रुग्णाला नेमकी कशाची भीती वाटते हे विचारलेलं नसतं, तपासणीआधी परवानगी घेतलेली नसते, किंवा सहा मिनिटं हिस्टरीत गेल्याने पुढे काय करायचं हे सांगायचंच राहतं. सरावात सहाव्या मिनिटाला घंटा लावा. ती वाजेपर्यंत तुम्ही उपचाराच्या बोलण्यावर आलेले असायला हवे.

इंटर्नशिप कशी विभागली आहे हेही आधी पाहा. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नियामक जीएमसीला, सलग १२ महिने हवेत आणि त्यात किमान ३ महिने मेडिसिन व ३ महिने सर्जरी. दोन-दोन महिन्यांच्या तुकड्यांत सगळे विभाग फिरवणाऱ्या रुग्णालयात हे गणित जुळत नाही, आणि वर्ष संपल्यावर दुरुस्त करता येत नाही. ऐच्छिक काळ असतो तिथेच ही कमतरता भरून काढावी.

राहिली कागदपत्रं. पासपोर्टवरचं नाव, प्रवेश अर्जावरचं नाव, गुणपत्रिका आणि पदवी, चारही ठिकाणी एकच स्पेलिंग. मधलं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून पडताळणी अडकते. ही चूक पहिल्या वर्षाच्या नोंदणीत सुधारणं सोपं असतं. पदवीप्रदानानंतर तेच काम महिनोन्‌महिने चालतं. नियामक तुमच्या प्रतींवर विसंबत नाहीत, ते महाविद्यालयालाच विचारतात. जीएमसीसाठी ही पडताळणी ईसीएफएमजीच्या एपिक सेवेतून होते. तेव्हा सही करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती कोण, तिची सही एपिककडे नोंदलेली आहे का, आणि कचेरी उत्तर द्यायला किती वेळ घेते, हे शेवटच्या वर्षातच विचारून ठेवा. निघण्यापूर्वी सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, तासांसह अभ्यासक्रमाची प्रत, इंटर्नशिपचं विभागवार प्रमाणपत्र आणि डीनचं पत्र यांचे शिक्के मारलेले किमान दोन-दोन संच घ्या. जिथे लागेल तिथे अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणन, त्याच देशात करून घ्या, दुसऱ्या देशातून ते होत नाही.

प्रत्येक कागदाला आणि परीक्षेला मुदत असते, म्हणून क्रम चुकवू नका. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. प्लॅब १ नंतर दोन वर्षांत प्लॅब २, आणि त्यानंतर दोन वर्षांत नोंदणीचा अर्ज मंजूर व्हायला हवा. ईसीएफएमजीच्या परीक्षा सात वर्षांच्या आत पूर्ण व्हाव्या लागतात. सर्टिफिकेट ऑफ गुड स्टँडिंग, म्हणजे तुमच्याविरुद्ध कारवाई नाही असं आधीच्या नियामकाचं प्रमाणपत्र, सगळ्यांत शेवटी मागवा : जीएमसीला ते तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, आणि ते देणारी कचेरी अनेकदा एक महिना घेते.