प्रेसमध्ये दोन बोटं गेली, त्यानंतरचे अकरा महिने

आधीच सांगतो, हे मी फोनवर बोलून टाईप केलंय आणि दुरुस्त्या डाव्या हाताने, त्यामुळे चुका दिसतील, सांभाळून घ्या. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दोन-दोन पेरं गेली. २०२३ चा पावसाळा, भोसरी एमआयडीसीतला एक गाळा, ५० टनी पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं, आकार देणारं मशीन. मी मूळ लातूरकडचा, पुण्यात आलो तेव्हा चोविसावं चालू होतं.

प्रेस जुनी, पिन क्लचची. ज्यांनी कधी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो, पेडल मारलं की पिन फ्लायव्हीलला, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकाला अडकते, रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, एकदा खाली येऊन वर जातो आणि पिन सुटते. पिन नाहीतर स्प्रिंग घासली की ती सुटत नाही आणि पाय पेडलवरून काढलेला असला तरी रॅम परत खाली येतो. आमच्यात त्याला डबल मारणं म्हणतात. माझ्या अपघाताआधीच्या तीन आठवड्यांत त्या प्रेसने तीनदा डबल मारलं होतं आणि हे सगळ्यांना माहीत होतं, मी सुपरवायझरला तोंडी सांगितलं, त्याने मेंटेनन्सवाल्याला तोंडी सांगितलं, त्याने ऑइल मारलं आणि झालं. कुठे लिहिलेलं काही नाही.

लोक म्हणतात हात आत दिसला की मशीन थांबवणारा सेन्सर का नव्हता. अहो, पिन क्लचच्या प्रेसला सेन्सर लावून उपयोग नाही, कारण एकदा पिन अडकली की पूर्ण फेरी झाल्याशिवाय ती प्रेस थांबतच नाही. सेन्सर चालतो तो एअर क्लचच्या प्रेसवर, ती मधेच थांबवता येते. आमच्यासारख्या मशीनला डायसमोर, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्यासमोर, पक्की जाळी पाहिजे, की पत्रा आत सरकेल पण हात जाणार नाही, आणि अडकलेला जॉब, म्हणजे पीस, काढायला चिमटा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २१ मध्ये धोक्याच्या भागाला गार्ड पाहिजे असं सरळ लिहिलं होतं. आमची जाळी होती की, कपाटामागे. ती लावली तर तासाला पीस कमी निघायचे म्हणून काढून ठेवलेली. खरं सांगायचं तर टार्गेट गाठायला मीपण कधी ती मागितली नाही.

त्या दिवशी जॉब चिकटला, मी हाताने काढायला गेलो, डबल आला.

पुढचं फार आठवत नाही. एवढं आठवतं की कोणीतरी बर्फाच्या ग्लासात तुकडे टाकून आणले होते. नंतर डॉक्टर म्हणाले तुटलेलं बोट असं थेट बर्फात टाकायचं नसतं, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. माझी तर चेंगरूनच गेली होती, जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण तुमच्या शॉपवर कोणाला माहीत नसेल तर सांगून ठेवा.

मी ऑपरेशन टेबलवर होतो तेव्हा इकडे, ज्याच्यामार्फत मी कामाला होतो त्या कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात माझं ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं रजिस्ट्रेशन चाललं होतं. त्या दिवशी दुपारी! मी तिथे पाच महिने काम करत होतो, आणि कामगार लागल्यापासून दहा दिवसांत नोंदणी करायची असते. कागदावर मी त्याच सकाळी कामाला लागलो आणि पगार १२,०००. प्रत्यक्षात खात्यावर १५,००० यायचे आणि ओव्हरटाईमचे तीनेक हजार हातात. हे नंतर कळलं की असं बऱ्याच ठिकाणी करतात, पहिल्याच दिवशी हात गेला असे कामगार कागदावर कितीतरी सापडतील.

दुसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस सफरचंदं आणि एक कागद घेऊन आला. त्यावर लिहिलेलं की मी सूचना न पाळता डायमध्ये हात घातला. माझा उजवा हात बँडेजमध्ये, तर म्हणाला डाव्या अंगठ्याचा ठसा दे, नुसती फॉर्मॅलिटी आहे. मी देणारही होतो हो. आमचे दाजी बसलेले होते, ते म्हणाले वाचून बघू आणि कागद घडी घालून खिशात टाकला. तो कागद शेवटपर्यंत परत दिलाच नाही त्यांनी.

दाजींच्या ओळखीचे एक युनियनचे काका होते, रिटायर झालेले. पहिल्या भेटीत त्यांनी मला बरंच ओरडून घेतलं, मग समजावलं. ईएसआयसीत चूक कोणाची हे बघतच नाहीत. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरे, तू नियम मोडलास तरी हक्क जात नाही. एक दिवसाची नोकरी असली तरी चालते. मग कॉन्ट्रॅक्टरने तारीख का बदलली? कारण मागचे पाच महिने त्याने वर्गणी भरली नव्हती आणि पगार कमी दाखवला की पुढचे सगळे पैसे कमी बसतात. आणि एक गोष्ट, ईएसआयसी लागू असेल तर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली मालकावर वेगळा दावा लावता येत नाही, त्यामुळे इथला आकडा चुकला तर चुकलाच.

काकांनी एक वही घ्यायला लावली. अपघाताची वेळ, मशीन, शिफ्ट, शेजारी कोण होतं, सगळं आठवेल तसं. मग फॉर्म १२, म्हणजे मालकाने पाठवायचा अपघात रिपोर्ट, त्याची प्रत मागितली. त्यात 'हेल्पर, साफसफाई करताना' असं लिहिलेलं. मी हेल्पर! पाच महिने प्रेस चालवून. ईएसआयसीच्या ब्रँच ऑफिसला लेखी अर्ज दिला, पोच घेतली. सोबत काय जोडलं तर बँक स्टेटमेंट, दर महिन्याला त्याच खात्यातून आलेले पैसे, व्हॉट्सॲप ग्रुपवरचे 'उद्या रविवार सगळ्यांनी यायचं' वाले मेसेज, आणि एक फोटो, पोरांनी वाढदिवसाचा केक प्रेसजवळ कापलेला, अपघाताच्या दोन महिने आधीचा. मागे प्रेस दिसते आणि जाळी नाही हेपण दिसतं. केकचा फोटो कामाला येईल असं कोणाला वाटलं असतं.

मधले महिने नुसते फेऱ्यांचे. ईएसआयसीच्या डिस्पेन्सरीतून सर्टिफिकेट, ते ब्रँचला, मग पैसे खात्यावर. काम करता येत नाही तोपर्यंत रोजच्या पगाराच्या ९० टक्के मिळतात, म्हणजे १२,००० धरून दिवसाला ३६०. त्या काळात मालक कामावरून काढू शकत नाही हे तेव्हाच्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ मध्ये होतं, हे मी कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं तेव्हा तो हसला, पण काढलं नाही.

ईएसआयसीचा अधिकारी शॉपवर चौकशीला जाऊन आला. सातव्या महिन्यात नोकरीची तारीख पाच महिने मागे गेली आणि पगार १५,००० धरला. हातात मिळायचे ते तीन हजार गेले, त्याला पुरावा काय देणार. कॅशमध्ये ओव्हरटाईम घेताना मला बरंच वाटायचं, कुठे कापलं जात नाही म्हणून.

मग मेडिकल बोर्ड. तिथे एक ठरलेलं कोष्टक असतं, काय गेलं तर कमाईची ताकद किती टक्के गेली धरायची याचं. तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्या बोटाची ९, म्हणजे २०. पूर्ण अंगठा गेला असता तर ३०. पाच मिनिटांत झालं. बटण लावता येत नाही, पावशेर मिरच्या तोडायला आईला मदत करता येत नाही, ते कोष्टकात नाही. हिशोब असा, ५०० रोजाच्या ९० टक्के ४५०, त्याचे २० टक्के ९०. दिवसाला ९० रुपये, महिन्याला साधारण २,७००, आयुष्यभर. आधीच्या १२,००० च्या कागदाने ७२ झाले असते. अठरा रुपयांसाठी एवढं केलं का असं गावाकडे एकाने विचारलं, मी म्हटलं रोजचे अठरा, मरेपर्यंत, तूच गुण.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यामुळे मी लिहिलेले कलमांचे नंबर जुने आहेत, जाताना नवीन विचारून घ्या. नियुक्तीपत्र द्यायलाच पाहिजे असं त्यात आहे. मागा. नाही दिलं तर निदान पगार खात्यावर घ्या, आणि मशीन डबल मारायला लागलं तर सुपरवायझरला व्हॉट्सॲप करा, तोंडी नको.

मी सध्या एका स्टोअरमध्ये आवक-जावक बघतो. पैसे चालू राहायला मधूनमधून हयातीचा दाखला द्यावा लागतो. मागच्या वेळी गेलो, डाव्या हाताने सही केली, तर क्लार्क म्हणाला आधीच्या सहीशी जुळत नाही. मी हात वर करून दाखवला. तो जरा ओशाळला आणि म्हणाला, असू दे, शेजारी अंगठा लावा.